अँप्लिफायर बेस आहे

सोलापूरला लोक चादरी आणायला जातात. मी अँप्लिफायर आणायला गेलो, आणि चादर आली ती अँप्लिफायरच्या पेटीच्या पोटातून. कचेरीत ज्यांना ज्यांना हे सांगितलं ते आधी हसले आणि मग म्हणाले, शेवडे, लिहून काढा. सोलापूर ज्यांनी फक्त गाडीच्या खिडकीतून, हातात चहाचा कप धरून पाहिलंय, त्यांच्यासाठी लिहितोय. मीही परवापर्यंत त्यांच्यातलाच होतो.

आधी माझी अडचण सांगतो, म्हणजे माझा तिथला वेडेपणा समजेल. मी दिवसा पुण्यात पाणीपुरवठ्याच्या कचेरीत कारकून आणि संध्याकाळी ऑर्केस्ट्रात बेस गिटार वाजवणारा. बेस गिटार म्हणजे चार जाड तारांची, खालच्या सुरातली. चालू असते तेव्हा कुणाच्या लक्षात येत नाही आणि बंद पडली की गाणं उघडं पडतं. माझी आई आठ वर्षं आमचे कार्यक्रम ऐकतेय आणि दर वेळी विचारते, "दिगू, तू नक्की काय वाजवलंस?" ही गिटार मी सुताराकडून करून घेतलेली. अँप्लिफायर मात्र माझा कधीच नव्हता. आमच्या गिटारवाल्याच्या अँप्लिफायरला दोन भोकं होती, त्यातल्या दुसऱ्यात मी वायर खुपसायचो. गेल्या महिन्यात तो गिटारवाला बदली होऊन नागपूरला गेला, अँप्लिफायरसकट.

आमच्या ऑर्केस्ट्राचे म्होरके मधूभाऊ. कापडाचं दुकान चालवतात आणि गज मोजावा तसं मोजून बोलतात. म्हणाले, "शेवडे, पंधरा दिवसांनी रविवारच्या तालमीला स्वतःचा अँप्लिफायर घेऊन या. नाहीतर पिंपरीचे एक गृहस्थ यायला तयार आहेत. त्यांच्याकडे दोन्ही आहे." एवढंच. आठ वर्षांची जागा, आणि ती त्या रविवारी जाणार. वरवर मी "ठीक आहे" म्हटलं, पण त्या रात्री मला जेवण गेलं नाही, हे कबूल करतो.

आम्हा हौशी लोकांत सामानाची देवघेव सगळी तोंडी चालते. कुणाचं लग्न ठरलं की त्याची गिटार विकायला निघते, कुणाला जुळं झालं की ड्रम. अशीच बातमी आमच्याकडे बाजाच्या पेट्या दुरुस्त करायला येणाऱ्या कारागिराने आणली: सोलापुरात शुक्रवार पेठेत रसूल मास्तर म्हणून आहेत, त्यांना अँप्लिफायर काढायचाय. मी लगेच कार्ड टाकलं. 'माझ्याकडे बेस गिटार आहे. आपला अँप्लिफायर बेसचा आहे का साधा, ते कळवावे.' पाचव्या दिवशी उत्तर आलं, टपोऱ्या अक्षरात: 'अँप्लिफायर बेस आहे. खोट नाही. येऊन बघा. वाजवून न्या.'

मी तीन दिवसांची रजा टाकली.

गुरुवार: दोन भोंगे

सकाळी सोलापूरला उतरलो. पाठीला गिटार, हातात पिशवी, खिशात ते कार्ड. कारागिराने सांगितलं होतं की मास्तरांना सगळं गाव 'भोंगेवाले' म्हणून ओळखतं, कारण लग्नाकार्याला लाउडस्पीकर तेच लावतात. म्हणून टांगेवाल्याला ऐटीत म्हणालो, "भोंग्याकडं चला."

"चला की," तो म्हणाला.

टांगा पेठांतून निघाला. घराघरांतून मागांचा आवाज येत होता, खटक-खटक, खटक-खटक, आणि हवेत ओल्या सुताचा वास. मी लय मोजणारा माणूस. माझ्या लक्षात आलं की प्रत्येक गल्लीचा ठेका थोडा वेगळा आहे, आणि टांगा कोपऱ्यावर वळला की दोन गल्ल्यांचे ठेके एकमेकांवर चढतात. मी मांडीवर बोटांनी धरायला बघत होतो, तेवढ्यात टांगा थांबला. समोर गिरणीचं दार आणि वर उंच धुराडं.

"आलं की," टांगेवाला म्हणाला.

"अहो, इथे कुठे? मला भोंग्याकडे जायचंय."

"भोंगा ह्योच. ह्याच्यावर आक्खं गाव उठतंय अन् ह्याच्यावरच जेवतंय."

आणि त्याचं म्हणणं पटवायला असावा तसा तो डोक्यावर वाजला. घोड्याने कान हलवला नाही. मी मात्र दचकून उभा राहिलो, गिटारची मान टांग्याच्या छताला आपटली आणि एक खुंटी वाकली. टांगेवाल्याने आवाज थांबेपर्यंत बिडी पेटवून घेतली. मग मला नीट न्याहाळून म्हणाला, "लग्नाचा भोंगा पायजे व्हय तुमाला? मग आदी सांगायचं की. रसूल मास्तर. हितंच हाय." हे 'हितंच' चांगलं वीस मिनिटांवर निघालं.

रसूल मास्तर साठीचे, सडपातळ, पांढरी कातरलेली दाढी, डोक्यावर काळी टोपी. दारातच उभे होते. मी माझं नाव, गाव, येण्याचं कारण सांगत होतो तेव्हा ते माझ्या तोंडाकडे टक लावून बघत होते. मला वाटलं, काय अदब आहे. पुण्यात माझं बोलणं इतकं लक्ष देऊन आजवर कुणी ऐकलेलं नाही. त्यांच्या पत्नी हमीदाभाभींनी पाणी आणलं. त्यांनी नवऱ्याला हाक मारली नाही, दाराच्या फळीवर तळव्याने दोनदा थाप मारली, तसे मास्तर वळले. माझी आईही वडिलांना नावाने हाक मारत नाही, बांगड्या वाजवते. म्हटलं, इथेही तीच रीत दिसतेय.

खोलीत भिंतीला पितळी तोंडाचे भोंगे टांगलेले, आणि कोपऱ्यात भरतकामाच्या झाकणाखाली ती वस्तू. मास्तरांनी झाकण दोन्ही हातांनी उचललं. राखाडी पत्र्याचा, धान्याच्या डब्याएवढा अँप्लिफायर. पुढे तीन बटणं आणि खाली लिहिलेलं: माईक, माईक, तबकडी. हा मंडपातला अँप्लिफायर होता. लग्नात मंगलाष्टकं म्हणायचा.

"मास्तर," मी म्हणालो, "हा बेस नाहीये."

मास्तरांचा चेहरा एकदम उतरला. "बेस न्हाई? बेस न्हाई कसा? बारा वर्सं वाजवलाय. येक दिस बंद पडला न्हाई. बेस हाय सायेब. लई बेस हाय."

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. या बाजूला बेस म्हणजे छान, चोख, झकास. पोरगी पास झाली, बेस झालं. भाकरी बेस झालीय. मी खिशातलं कार्ड काढून त्यांच्यापुढे धरलं. "मी विचारलं होतं, बेसचा आहे का साधा."

"व्हय. म्या म्हनलं, पुन्याची मानसं, माल बेस हाय का सादा त्ये इचारून घेत्यात. बराबर हाय त्यांचं. सादा न्हाई म्हनून तर लिवलं."

मला संताप आला. रजा गेली, गाडीभाडं गेलं, खुंटी वाकली आणि रविवार तीन दिवसांवर आला. पण तो संताप काढायचा कुणावर? मास्तरांनी अँप्लिफायरच्या मागून माझं कार्ड काढलं, जपून ठेवलेलं, आणि त्यावर बोट ठेवून म्हणाले, "दोन गिऱ्हाइकं यिऊन गेली. येक मंडपवाला, येक अक्कलकोटचा. दोगांनी बी पैल्यांदा किंमत इचारली. तुमी पैली वळ काय लिवलीया? माझ्याकडं बेस गिटार हाय. म्या हिला म्हनलं, ह्यो मानूस आपल्या वाद्याला बेस म्हंतोय. ह्यालाच द्यायचा. त्या दोगांना परत लावलं."

  भाभींनी चहा आणला, तो मी रागारागाने प्यालो, आणि चहा इतका चांगला होता की रागही नीट धरता येईना.

"आलाय तर वाजवून तर बगा," मास्तर म्हणाले.

म्हटलं, वाजवू. मी चपला दाराशी काढल्या. वाद्याला हात लावताना पायात चप्पल ठेवायची नाही, हे आमच्याकडे लहानपणापासून हाडात मुरवलेलं. शहाबादी फरशी नुकतीच पुसलेली, अजून ओली. अनवाणी उभा राहिलो, वायर खुपसली, तारेला बोट लावलं आणि कोपरापर्यंत असा झटका बसला की मी गिटारसकट दोन पावलं मागे गेलो.

"पायतान घाला, पायतान," मास्तर घाईने पुढे आले. "हितं चप्पल घालून वाजवत्यात."

"वाद्याला चप्पल घालून हात लावू?" माझा हात बधिर झालेला, तरी तत्त्व शाबूत होतं.

 मास्तर आत गेले आणि जेवायला बसायचा लाकडी पाट घेऊन आले. तो फरशीवर ठेवला. "ह्याच्यावर हुबं ऱ्हावा. तुमचा बी मान ऱ्हाईल, जीव बी ऱ्हाईल."

पाटावर उभा राहून वाजवलं. भोंग्यातून जो आवाज आला तो ऐकून मला स्वतःचीच लाज वाटली. भोंगा वरचे सूर फेकायला केलेला, खालचे त्याच्या गळ्याखाली उतरत नाहीत. माझ्या जाड तारेची नुसती शेंडी बाहेर येत होती. शेजारच्या घरातला माग थांबला आणि दारात एक पन्नाशीचे गृहस्थ डोकावले, केसांत सुताचे तंतू.

"मास्तर," ते म्हणाले, "शेळी कधी आणलं?"

हे नरसय्या. घरी तेलुगू बोलतात, बाहेर मराठी, आणि मराठीत सगळ्या जगाला नपुंसकलिंगी करून टाकतात. दिवसभर मागावर असतात आणि लग्नसराईत मास्तरांच्या पार्टीत बुलबुल तरंग वाजवतात. त्यांनी माझी गिटार हातात घेऊन उलटीसुलटी बघितली, जाड तार अंगठ्याने ओढली आणि कान लाकडाला लावून ऐकली. मग मान हलवली. "आवाज आत हाय. त्याला बाहेर यायला दार नाय."

त्या दिवशी तिथेच जेवलो. बाजरीची कडक भाकरी, शेंगाची चटणी, वर तेल आणि दही. भाकरी तोडायला मी हाताने जोर लावला, मग गुडघ्यावर आपटून बघितली. भाभी तोंडाला पदर लावून हसल्या आणि वरून मूठ मारून कशी फोडायची ते त्यांनी दाखवलं. तिसऱ्या भाकरीपर्यंत मला जमलं होतं. परतीची गाडी पकडायचा विचार मी चटणीबरोबर गिळून टाकला, कारण जेवता जेवता मास्तर आणि नरसय्या काहीतरी ठरवून बसले होते.

शुक्रवार: खळ

ठरलं होतं ते असं: मास्तरांच्या माळ्यावर तंबूतल्या सिनेमाचा जुना स्पीकर पडून होता, पडद्यामागे असतो तो, जेवणाच्या ताटाएवढा गोल. त्याचा कागद फाटला म्हणून मालकाने टाकून दिलेला. असा स्पीकर लाकडी पेटीत बसवला तर खालचा सूर बाहेर येतो, हे मलाही ठाऊक होतं. पण फाटक्या कागदाचं काय करायचं, ते ठाऊक नव्हतं. पुण्यात असतो तर मी नवा स्पीकर कुठे मिळेल याची चौकशी करत महिना घालवला असता.

नरसय्या सकाळी एका वाटीत गरम खळ घेऊन आले. चिंचोक्याची, पातळ, करड्या रंगाची. मागावर चढवायच्या आधी सुताला ती लावतात म्हणजे सूत ताणलं तरी तुटत नाही. त्यांनी झिरझिरीत कापडाच्या अगदी अरुंद पट्ट्या कापल्या, खळीत बुडवल्या आणि फाटलेल्या जागी आतून-बाहेरून बोटाने दाबत नेल्या. बोट इतकं हलकं की कागद हलला नाही.

"कागदाला खळ चालते?" मी विचारलं.

"कागद काय, सूत काय," ते म्हणाले. "दोघाला बी ताण सोसायचं असतंय."

खळ वाळायला ठेवून मास्तर दुपारच्या नमाजाला गेले. नरसय्यांनी मला त्यांच्या घरी नेलं आणि माळ्यावरून पाच सागवानी फळ्या खाली घेतल्या. वडिलांच्या हातमागाच्या होत्या. विजेचे माग आल्यावर हातमाग मोडला, फळ्या मात्र कुणाला द्यायचं त्यांच्या मनात आलं नव्हतं. हाताने घासून घासून त्या मधोमध झिजल्या होत्या. मी म्हणालो, "अहो, या नको. मी बाजारातून प्लायवूड आणतो."

"पडून पडून काय करतंय ते," नरसय्या करवत शोधत म्हणाले. "माग होतं तेव्हा आवाज करत होतं. आता बी करू दे."

तासाभरात पेटी उभी राहिली. भाभींनी त्या दिवशी शेंगापोळ्या केल्या होत्या. आमच्याकडे गुळाची पोळी संक्रांतीलाच होते, तीही मोजून. इथे मी "पुरे" म्हटलं की भाभी ते "पुढे" असं ऐकल्यासारखं वाढत होत्या.

संध्याकाळी मास्तरांनी अँप्लिफायरच्या मागच्या तारा बदलायला घेतल्या. मधेच तपासून बघायला त्यांनी माईक जोडला, आणि माईक भोंग्यासमोरच पडलेला. अशी कर्कश शिट्टी सुटली की मी कान दाबून ओट्यावर पळालो. नरसय्यांनी डोळे मिटले. समोरच्या घरातलं तान्हं मूल रडायला लागलं. मास्तर मात्र मान खाली घालून शांतपणे तारेला कथलाचा डाग देत होते. भाभी धावत आल्या आणि त्यांनी जमिनीवर पाय दोनदा आपटला. मास्तरांनी वर पाहिलं, आमचे चेहरे पाहिले आणि चटकन बटण फिरवलं.

 मला सगळं एकदम कळलं. माझ्या तोंडाकडे टक लावून बघणं, दारावरची थाप. ती अदब नव्हती आणि रीतही नव्हती. भाभी थाप मारत होत्या ती मास्तरांच्या पायांना कळावी म्हणून.

"भोंग्याच्या बाजूला चाळीस वर्सं हुबं ऱ्हायलो," मास्तर स्वतःच म्हणाले, हातातलं काम न थांबवता. "आदी सनई गेली. मग पाखरं. हिचं बोलनं निम्मं येतंय, निम्मं तोंड बगून जुळवतो. गेल्या लग्नात अशीच शिट्टी सुटली. समदा मांडव कान दाबून हुबा, अन् म्या आपला हसत हुबा, की नवरी हसतीया म्हनून. ती रडत हुती. तवा ठरवलं, बास."

 आदल्या दिवशी याच माणसावर मी चहाच्या कपाआडून चिडलो होतो. फार वाईट वाटलं, आणि ते सांगायलाही ओरडावं लागलं असतं.

शनिवार: तळवा

सकाळी खळ खडखडीत वाळली. स्पीकर पेटीत बसवला. दुपारच्या गाडीने मला निघायचं होतं, रविवारी सकाळी तालीम. मी पाटावर उभा राहिलो आणि सगळ्यांत जाड तार छेडली. सूर आला, पण त्याच्याबरोबर पेटीची फळी अशी खडखडली की बैलगाडी दगडावरून जातेय असं वाटावं. माझा धीर सुटला. मी म्हणालोही, "जाऊ द्या मास्तर. पिंपरीवाल्याचं नशीब." पिंपरीवाला कोण, हे कुणालाच माहीत नव्हतं. मग मला सगळी हकिकत सांगावी लागली: मधूभाऊ, रविवार, आठ वर्षांची जागा. मास्तर माझ्या ओठांकडे बघत ऐकत होते.

नरसय्या उठले आणि घरातून एक चादर घेऊन आले. जाडजूड, निळी, मोरांची नक्षी. "डागी माल," ते म्हणाले. म्हणजे विणताना चूक झाल्यामुळे विकता न येणारा. बघितलं तर खरंच, एका मोराला डोकंच नव्हतं. ती त्यांनी पेटीच्या आतून चारी बाजूंना ठोकून बसवली, बिनडोक्याचा मोर नेमका मागच्या फळीवर. मास्तर कोपऱ्यात आमच्याकडे पाठ करून हत्यारं पिशवीत भरत होते.

मी पुन्हा तार छेडली.

फळी गप्प राहिली. सूर मात्र गोल, भरीव, सावकाश खोलीभर पसरत गेला. आठ वर्षांत माझ्या गिटारचा आवाज मी पहिल्यांदा पुरता ऐकला. आणि मास्तर वळले. भाभींनी थाप मारली नव्हती, नरसय्यांनी खूण केली नव्हती. ते आपले आपण वळले.

"कोन वाजिवलं?"

"मी," मी छातीला हात लावून दाखवलं.

"परत वाजवा."

ते पेटीपाशी येऊन मांडी घालून बसले आणि त्यांनी उजवा तळवा वरच्या फळीवर ठेवला. मी साधी चाल वाजवली, चार सूर वर, चार खाली. त्यांनी डोळे मिटले. त्यांची बोटं फळीवर हलायला लागली, आधी माझ्या मागून, मग माझ्याबरोबर.

"ह्ये येतंय," ते म्हणाले. "कानात बी येतंय आन् हातात बी." मग तळवा न उचलता म्हणाले, "बेस हाय."

कुठल्या अर्थाने, ते मी विचारलं नाही. मी वाजवत राहिलो. थांबायचं माझ्या जिवावर आलं होतं. भाभी चौकटीला टेकून उभ्या होत्या आणि त्यांनी तोंडाला पदर लावला होता, पण या वेळी हसत नव्हत्या.

शेवटी थांबलो आणि पाटावरून उतरलो. मास्तरांसमोर बसून सावकाश, ओठ नीट हलवत म्हणालो, "मास्तर, हा इथेच राहू द्या. मी दुसरा बघतो." खरं सांगतो, त्या क्षणी मला ते अगदी मनापासून वाटत होतं. रविवार गेला तर गेला. या माणसाला पुरता ऐकू येणारा एकच आवाज उचलून पुण्याला न्यायचा, हे मला जमेना.

मास्तरांनी माझ्याकडे बघितलं, मग भाभींकडे. "अन् वाजवनार कोन? ही?"

भाभींना हसू आलं. मास्तर म्हणाले, "हितं ठिवला तर मुका पडंल. पेटी का आवाज करतीया व्हय? आवाज तुमी करताय. न्या. पन सोलापुराकडं तुमचा प्रोग्राम आला, तर कार्ड टाका. पैल्या रांगेत खुर्ची नको मला. ह्या पेटीच्या मागं टाका."

किंमत मी तेव्हा कुठे विचारली, आणि त्यांनी सांगितली तीच दिली. पेटीचं काही द्यायला गेलो तर नरसय्या म्हणाले, "डागी मालाचं पैसा घेत नसतंय." मास्तरांनी अँप्लिफायरवर ते भरतकामाचं झाकण पुन्हा नीट घातलं आणि वरून पाट सुतळीने बांधून दिला. भाभींनी कडक भाकऱ्यांची चवड फडक्यात बांधून दिली. महिनाभर टिकतात म्हणाल्या. माझ्या घरी चार दिवस टिकल्या.

स्टेशनला तोच टांगेवाला भेटला. पेटीकडे बघून म्हणाला, "गावला व्हय भोंगा?"

"गावला की," मी म्हणालो.

रविवार: पुणे

तालमीच्या खोलीत पिंपरीचे गृहस्थ माझ्या आधीच येऊन बसले होते. चांगला माणूस, उगीच खोटं कशाला बोलू. त्यांचा अँप्लिफायर चकचकीत काळा, चंदेरी अक्षरांचा. माझी झिजलेल्या फळ्यांची पेटी, पत्र्याचा डबा आणि जेवणाचा पाट बघून आमचा ड्रमवाला म्हणाला, "शेवडे, पंगत आहे का?"

 पाट ठेवला, चपला काढल्या, वर उभा राहिलो. मधूभाऊंनी हाताची घडी घातली आणि मानेनेच गाणं सुरू करायला सांगितलं. मी वाजवलं. दुसऱ्या कडव्यात माझ्या लक्षात आलं की मधूभाऊ माझ्याकडे बघत नाहीयेत, जमिनीकडे बघतायत, आणि त्यांच्या चपलेतला अंगठा हलतोय.

गाणं संपलं. मधूभाऊ उठले. पिंपरीच्या गृहस्थांना म्हणाले, "तुम्हाला उगीच त्रास दिला. चहा घेऊन जा." मग मला पाटावरून खाली उतरायची खूण केली, वाकून पाट स्वतः उचलला आणि ड्रमच्या डाव्या अंगाला नेऊन ठेवला. आठ वर्षं मी तिथेच उभा राहत आलोय.

परत येताना ते पेटीपाशी थांबले आणि त्यांनी वरच्या फळीवर सहज हात ठेवला. मला मास्तरांचा तळवा दिसला.

"काय आहे हो हे?" मधूभाऊंनी विचारलं.

"बेस."

"ते कळलं. पण आहे कसा?"

"तेच तर सांगतोय," मी म्हणालो.